वाळवीची शेती आणि श्रावणातलं तोणाक

श्रावणाच्या सुमारास गोव्यात रस्त्यांच्या कडेला पानांत बांधलेली रानातली अळंबी विकायला येते. ती तोलून नव्हे, नगावर मोजून मिळते, आणि दर दरसाल चढतोच आहे. विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, वारुळावर उगवणाऱ्या अशाच अळंबीला सात्या म्हणतात. दुकानातली बटण अळंबी बाराही महिने मिळते. हिमाचल प्रदेशातल्या सोलनला १९६१ साली तिच्या लागवडीचे प्रयोग सुरू झाले आणि पुढे ती देशभर पसरली. वारुळावरच्या अळंबीची व्यापारी लागवड मात्र आजवर कुणालाही साधलेली नाही. तिची शेती वाळवी करते, आणि फक्त वाळवीच करते.

ही शेती माणसाच्या शेतीहून कितीतरी जुनी, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झालेली आहे. कामकरी वाळवी सुकं लाकूड, पालापाचोळा खाते आणि तिच्या विष्ठेतून जमिनीखाली जाळीदार पोळं उभं राहतं. त्यावर बुरशी वाढते. वाळवीला लाकडातलं जे स्वतःच्या पोटात पचत नाही, ते ही बुरशी पचवून देते. पाऊस मुरला की पोळ्यातून लांब मुळासारखा देठ वर निघतो, टोकदार डोक्याने माती फोडतो आणि बाहेर येऊन छत्री उघडतो.

यातली वेळेची जुळणी मला विलक्षण वाटते. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती झेपावणारी पंखवाली वाळवी म्हणजे नव्या वारुळांचे राजे-राण्या. त्यांची पहिली कामकरी पिल्लं चारा शोधायला बाहेर पडतात, साधारण त्याच सुमारास रानात छत्र्या उघडून बीजाणू झडू लागतात. बहुतेक जातींत नव्या वारुळाला बुरशीचं बियाणं मिळतं ते इथूनच.

माणसाने हे कोडं सावकाश सोडवलं. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनबरोबर आलेला योहान कोनिग याने १७७९ साली दक्षिण भारतातल्या वाळवीवर लिहिताना वारुळातल्या या बुरशीची नोंद केली. १९०६ मध्ये थॉमस पेच याने श्रीलंकेतल्या वारुळांचा बारकाईने अभ्यास मांडला, आणि १९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी या अळंबीच्या प्रजातीला टर्मिटोमायसीस हे नाव दिलं. गोव्यात डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीवर दीर्घकाळ काम केलं आहे. रानात राहणाऱ्यांना मात्र अळंबी आणि वारूळ यांचं नातं कुणी शिकवावं लागलं नाही. कुठल्या वारुळावर कोणत्या पंधरवड्यात यायची, हे घराघरांत ठाऊक असतं आणि जागा सहसा परक्याला सांगत नाहीत.

ग्रंथांत या खाण्याबद्दल एकमत नाही. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंगतीत कवकाला, म्हणजे अळंबीला, बसवून ते द्विजांना वर्ज्य ठरवलं. सुश्रुतसंहितेने मात्र पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन अशा उगवण्याच्या जागांवरून अळंबीची वर्गवारी करून गुण सांगितले. मला सुश्रुताची रीत जास्त शहाणपणाची वाटते, कारण रानातला जाणकारही आधी जागाच बघतो. नुसत्या रूपावर जाणं जिवावर बेतू शकतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली विषारी अळंबी खाऊन १३ जण दगावले. अळंबीबरोबर शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, हे पाहून विष ओळखण्याची परीक्षा साफ खोटी आहे. सर्वांत घातक अळंबीचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास सुरू व्हायलाच सहा-बारा तास लागतात. ओळखणारं माणूस सोबत नसेल तर रानातल्या अळंबीला हात लावू नये.

घरी आणल्यावर खरं काम माती काढण्याचं. देठ सुरीने खरवडायचे, दोन-तीन पाण्यांतून धुवायचे आणि हातानेच उभे फाडायचे. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप लावून तोणाक किंवा शागुती, म्हणजे गोव्याकडची रश्शाची भाजी. अळंबी स्वतःच पाणी सोडते, म्हणून वरून पाणी बेताने. श्रावणात मासे बंद असलेल्या घरांत हिला मान मिळाला तो या चवीमुळे, आणि मागणी वाढली तीही त्यामुळेच.

या मागणीने आता एक नवा पेच उभा केला आहे. गिऱ्हाइकाला मिटलेले कळे हवे असतात, कारण ते करकरीत लागतात आणि टिकतात. कळा खुडला की छत्री उघडत नाही, बीजाणू झडत नाहीत, नव्या वारुळांना बियाणं मिळत नाही. पूर्वी घरापुरती खुडताना काही छत्र्या आपसूक मागे राहत. विक्रीसाठी वारूळ खणून साफ केलं तर एकही राहत नाही. अभयारण्यातून वनोपज काढायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पण बरीचशी वारुळं बागायतीत, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि गावच्या डोंगरावर आहेत. तिथे खुडणाऱ्याने उघडलेल्या छत्र्या जागेवर सोडल्या आणि वारुळाला कुदळ लावली नाही, तरच पुढल्या श्रावणात त्या जागी अळंबी येण्याची आशा धरता येते.