स्प्रिंट कारचा पंख

मातीच्या लंबगोल ट्रॅकवर धावणाऱ्या ‘स्प्रिंट कार’ या शर्यतीच्या गाडीवर बसवलेला ॲल्युमिनियमचा मोठा पंख. तसेच त्याची जागा आणि कोन बदलून वळणावर गाडी ताब्यात ठेवण्याची पद्धत. हा खेळ मुख्यतः अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रुजला आहे. गाड्या नेहमी डावीकडेच वळतात आणि गाडीतली प्रत्येक गोष्ट त्याच हिशेबाने वाकडी केलेली असते.

सर्वांत वरच्या वर्गाच्या गाडीत ४१० घन इंचांचे, मिथेनॉलवर चालणारे इंजिन असते आणि ते सुमारे ९०० अश्वशक्ती देते. चालकासकट गाडीचे वजन मात्र जेमतेम ६४० किलोच्या आसपास. क्लच नाही, गिअर बदलायची सोय नाही, गाडी सुरू करायलाही मागून दुसऱ्या वाहनाने ढकलावे लागते. एवढी ताकद सैल मातीवर उतरवायची तर चाकांवर भार हवा, आणि वजन वाढवले तर वेग जातो. पंख हा त्या पेचावरचा तोडगा आहे. वाऱ्याचा दाब गाडीला खाली रेटतो आणि वेग दुप्पट झाला की तो दाब चौपट होतो. १९५८ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस मोटर स्पीडवेवर जिम कुशमन यांनी अशी पंख लावलेली गाडी पहिल्यांदा पळवली, असे मानले जाते. १९७८ मध्ये टेड जॉन्सन यांनी ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही शर्यतींची फिरती मालिका सुरू केली आणि पंखवाली गाडी हीच या खेळाची ओळख झाली. बिनपंखी स्प्रिंट कारच्या शर्यतीही होतात, पण तो वेगळाच खेळ म्हणावा लागेल.

वरचा पंख चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्यावर असतो. त्याचे क्षेत्रफळ २५ चौरस फूट, म्हणजे पाच फूट लांब आणि पाच फूट रुंद. नाकावरचा छोटा पंख सहा चौरस फुटांचा. विमानाचा पंख उलटा केला तर जो आकार मिळेल, तोच इथे आहे. पण पंख म्हणजे फक्त वरून दाबणारा हात, असे समजले तर अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी त्याच्या दोन बाजूंच्या उभ्या पत्र्यांत आहे.

वळणात शिरताना स्प्रिंट कार सरळ वळत नाही. तिची शेपटी उजवीकडे बाहेर पडते आणि गाडी तिरकी होऊन घसरत जाते. अशा वेळी समोरचा वारा त्या उभ्या पत्र्यांच्या उजव्या अंगावर आदळतो आणि गाडीला डावीकडे, म्हणजे वळणाच्या आत ढकलतो. हा धक्का गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा बराच वर बसतो. त्यामुळे एरवी वळणात बाहेर, उजवीकडे कलणारी गाडी इथे उलट आतल्या अंगाला झुकते आणि डाव्या चाकांवरही भार राहतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे झुकणे चुकीचे वाटते, पण ती वाऱ्याची पकड आहे. गाडी जितकी तिरकी, तितके हे पत्रे अधिक काम करतात.

पंख पुढेमागे सरकवण्याचे महत्त्वही इथेच कळते. पंख मागे नेला की दाब मागच्या चाकांवर जातो, नाक हलके होते आणि बाजूचा धक्काही मागे बसून बाहेर पडणारी शेपटी आत ओढतो. गाडी ‘टाईट’ होते: मागून घट्ट धरते, पण वळायला नाखूश असते. पंख पुढे घेतला की पुढची चाके जमीन धरतात, गाडी पटकन वळते आणि शेपटी मोकळी होते, म्हणजे ‘लूज’. हे सरकवणे चालक बसल्या जागेवरून करतो. पंखाखाली हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर असतो, आणि चालकाच्या हाताशी त्याची छोटी दांडी. अर्ध्या मैलाची फेरी पंधरा सेकंदांच्या आतबाहेर संपते, त्यामुळे त्या दांडीकडे हात जायला सरळ भागावरचे दोन-तीन सेकंदच मिळतात. पंखाचा कोन मात्र पिटमध्येच, म्हणजे ट्रॅकबाहेरच्या दुरुस्तीच्या जागेतच ठरतो. मेकॅनिक पंखावर कोनमापक ठेवून आकडा पाहतो, बोल्ट एक भोक वर किंवा खाली घेतो आणि पुन्हा मापतो. कोन वाढवला तर दाब वाढतो आणि वाऱ्याचा अडथळाही. म्हणून लांब, वेगवान ट्रॅकवर पंख चपटा ठेवतात, आणि वेग कमी असलेल्या छोट्या, घसरड्या ट्रॅकवर उभा. पंखाच्या मागच्या कडेला बारीक उभी पट्टीही लावतात. अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी यांनी १९७१ मध्ये इंडी कार या शर्यतीच्या गाडीवर वापरलेल्या पट्टीचेच हे भावंड.

हे सगळे ज्या मातीसाठी करायचे, ती माती एका रात्रीत रूप पालटते. संध्याकाळी ट्रॅकला पाणी पाजून, रोलर फिरवून तो तयार करतात. आपल्याकडे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, जवळपास तशीच ती अवस्था: ना चिखल, ना धूळ, बोटाला चिकटेल इतका ओलावा. तेव्हा पकड भरपूर असते, म्हणून पंख पुढे आणि चपटा चालतो. शर्यती होत जातात तशी खालची, म्हणजे आतल्या कडेची वाट चाकांनी घासून काळी, काचेसारखी गुळगुळीत होते आणि सुटी माती बाहेरच्या कडेला बांधासारखी साचते. त्या बांधाला ‘कुशन’ म्हणतात. चालक उजवे मागचे चाक त्याला टेकवून वळण घेतो. कुशनवर तोल सांभाळणे हे या खेळातले सर्वांत अवघड कसब आहे, असे माझे मत. जरा वर गेले की गाडी भिंतीला लागते आणि जरा खाली आले की पकड सुटते.

पंखाला बाकीच्या जुळणीची साथ लागते. मागचा आस अखंड असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल नसते, म्हणून उजवे मागचे चाक डाव्यापेक्षा मुद्दाम बरेच मोठे बसवतात; घेरातल्या या फरकाला ‘स्टॅगर’ म्हणतात. त्यामुळे गाडी आपणहून डावीकडे ओढते. चारही कोपऱ्यांवर टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारे दांडे असतात, त्यांना पीळ देऊन कुठल्या चाकावर किती भार हे ठरते. ओल्या, पकडीच्या ट्रॅकवर गाडी उजव्या चाकांवर उलटू नये म्हणून उजवे मागचे चाक आसावर बाहेर सरकवतात. पण ही कामे पिटमध्येच होतात. शर्यत सुरू झाल्यावर चालकाच्या हाती मुख्यतः पंखच उरतो.

पंखाचे दुखणे आहे ते पुढच्या गाडीच्या मागे. पुढचा पंख वारा ढवळून टाकतो, त्यामुळे मागच्याचे दाबणे कमी होते आणि गाडी ऐन वळणात तरंगल्यासारखी वाटते. मग चालक ‘स्लाइड जॉब’ करतो: खालून वेगाने शिरायचे, वर घसरत पुढच्याच्या नाकासमोर यायचे आणि त्याचा वारा तोडायचा. आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर १९६१ पासून होणाऱ्या ‘नॅशनल्स’ या मोठ्या स्पर्धेत प्रेक्षक यासाठीच उभे राहतात. गाडी उलटली तर पंखाचा पत्राच आधी चुरगळतो आणि धक्क्याचा बराच भाग स्वतःवर घेतो.

लांब शर्यतीत आणखी एक हिशेब असतो. इंधनाची टाकी मागच्या आसाच्याही मागे, शेपटीत असते. मिथेनॉल जळत जाते तशी शेपटी हलकी होते, आणि नेमकी तेव्हाच मातीही घसरडी झालेली असते. म्हणून सुरुवातीला पुढे असलेला पंख फेरीगणिक थोडाथोडा मागे सरकतो. घाईने मागे नेला तर गाडी वळायचे सोडते, आणि मग शेवटच्या फेऱ्यांसाठी दांडीत काहीच शिल्लक राहत नाही.