पोतोसीला निघण्यापूर्वी: बोलिव्हिया सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

बोलिव्हियाच्या सहलीची चौकशी करणारे बहुतेक जण पोतोसीपाशी येऊन थांबतात आणि विचारतात, "तिथे धाप लागते का हो?" लागते. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे, पोतोसी ४,००० मीटरच्याही वर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवा, वर आणखी अर्धी चढवा, तेवढ्या उंचीवर हे शहर वसलंय. हॉटेलचा एक जिना चढलात तरी छाती धडधडेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

म्हणूनच आम्ही कुणाला थेट पोतोसीला नेत नाही. आधी सुमारे २,८०० मीटरवरच्या सुक्रेला दोन रात्री मुक्काम, मग रस्त्याने तीनेक तासांचा प्रवास. "सुक्रेची एक रात्र कमी करा, पैसे वाचतील" अशी सूचना दर वर्षी येते, आणि दर वर्षी आम्ही ती नम्रपणे नाकारतो. पोतोसीत पोचलात की पहिला दिवस सावकाश चाला, हलकं जेवा, घोटघोट पाणी पीत राहा आणि मद्य टाळा. थोडं डोकं दुखणं, झोप न लागणं, मळमळणं हे बऱ्याच जणांना होतं. पण बसल्याजागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका. रात्री दोन वाजता असलं तरी आमच्या सहल-व्यवस्थापकाला उठवा. तेव्हा लगेच खाली उतरायचं असतं, त्यात चर्चा नाही. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, किंवा गरोदर असाल, तर नावनोंदणीआधीच डॉक्टरांना विचारा. उंचीसाठीची डायमॉक्सची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने घ्या, शेजाऱ्याच्या नको.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळेल. तिथे तो कायदेशीर आहे, खुशाल प्या. मात्र आठवण म्हणून त्याची एक पुडीसुद्धा बॅगेत टाकू नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.

आता शहराविषयी. गल्लीच्या टोकाशी मान वर केलीत की तांबूस, शंकूसारखा डोंगर दिसतो. तो सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. १५४५ साली इथे चांदी सापडली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या ओसाड उंचीवर दीड लाखाच्या आसपास वस्ती झाली. अजूनही स्पॅनिश भाषेत एखादी गोष्ट अतिशय मोलाची असेल तर ती 'एका पोतोसीच्या मोलाची' म्हणतात. हे मोल मोजलं मात्र दुसऱ्यांनी. १५७० च्या दशकात स्पेनचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने 'मिता' ही वेठबिगारी लागू केली. दूरदूरच्या प्रांतांतले आदिवासी पुरुष पाळीपाळीने खाणीत आणले जात, वर्षाला तेराएक हजार. चांदी खनिजातून वेगळी करायला पारा लागे, तो पेरूतल्या हुआंकाव्हेलिकाहून येई.

टांकसाळीचं संग्रहालय, कासा दे ला मोनेदा, चुकवू नका. सध्याची इमारत अठराव्या शतकातली. चांदीचे पत्रे लाटणारी लाकडी चाकं अजून जागेवर आहेत. ती फिरवायला खालच्या मजल्यावर खेचरं गोल गोल चालत. आत गारठा असतो, स्वेटर ठेवा. इथल्यासारखे स्पॅनिश रियाल, म्हणजे चांदीची नाणी, युरोपमार्गे आपल्याकडेही पोचत. सुरतेच्या टांकसाळीत ते वितळवून त्यांचे मोगली रुपये पाडले जात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये छापा घातला ती हीच सुरत. नाण्यांच्या दालनात उभे राहाल तेव्हा हे आठवलं तर दालन परकं वाटणार नाही.

खाणीत जावं का?

खाणभेट आम्ही सहलीच्या खर्चात धरलेली नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. ही खाण म्हणजे बंद पडलेलं प्रेक्षणीय स्थळ नव्हे. सहकारी संस्थांचे कामगार आजही तिथे जस्त, शिसं, कथील, चांदी काढतात. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात आणि अनेकांचं आयुष्य त्यातच लवकर संपतं. शतकानुशतकं पोखरून डोंगराचा माथा खचत चाललाय. म्हणूनच १९८७ पासून जागतिक वारसा असलेलं हे शहर २०१४ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं.

जायचंच असेल तर आम्ही स्वतः खाणीत काम केलेला वाटाड्या देतो. वाटेत खाणकामगारांच्या बाजारात थांबून त्यांच्यासाठी कोकाची पानं, सरबताच्या बाटल्या घ्यायची रीत आहे. तिथे डायनामाइटही उघड विकायला असतं. गंमत म्हणून ते फोडून दाखवणाऱ्यांकडे आम्ही आमचे प्रवासी पाठवत नाही. आत वाकून, कधी रांगत जावं लागतं. काही बोगद्यांत थंडी तर काहींत घाम फुटेल इतकं गरम. दमा असलेल्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेर थांबावं. आत 'तिओ' भेटेल. तिओ म्हणजे काका. शिंगं असलेली ही मूर्ती जमिनीखालची मालक, कामगार तिच्यापुढे सिगारेट, पानं, दारू ठेवतात. हसू नका, आणि कामगारांचे फोटो विचारूनच काढा.

शाकाहारी मंडळींसाठी: शेंगदाण्याचं सूप, 'सोपा दे मानी', नावावरून आपलं वाटतं, पण ते बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलंत तर कोंबडी येऊ शकते, म्हणून 'सिन पोयो' (कोंबडीशिवाय) हेही जोडा. बटाटे, मका, किन्वा, चीज भरपूर मिळतं. या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे साध्या भांड्यात डाळ शिजायची वाट पाहू नका. जून ते ऑगस्टमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, कानटोपी आणि थर्मल हवेतच.

शेवटचं, आणि हे विसरून चालणार नाही. पोतोसीच्या थंडीत पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) डास नाही, पण बोलिव्हियाहून परतणाऱ्याला भारतात त्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावंच लागतं. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. साठी ओलांडलेल्यांनी तिथल्या डॉक्टरांना वय आणि आजार आधी सांगावेत. कार्डाची एक प्रत पासपोर्टच्या प्रतीसोबत आमच्याकडे जमा करा, मूळ कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.