पॉप-अप बर्गर आणि नावाचा हक्क : पार्श्वभूमी

परदेशात गाजलेली, पण भारतात कायमचे दुकान नसलेली एखादी बर्गर साखळी ठाण्यातील किंवा वाशी-सीवूड्स भागातील मॉलमध्ये चार दिवसांचे पॉप-अप, म्हणजे तात्पुरते दालन, लावते, तेव्हा तिथल्या रांगेत चर्चा असते ती चवीची. ते स्वाभाविकच आहे. मात्र अशा दालनांमागे चवीइतकाच नावाच्या मालकीचा प्रश्न असू शकतो आणि त्यावरचा एक गाजलेला खटला आपल्या शेजारी, पुण्यात उभा राहिला.

चवीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९९६ मध्ये पहिली मोठी परदेशी साखळी दिल्लीत आणि वांद्र्यात आली, ती गोमांस व डुकराचे मांस पूर्णपणे वगळून. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी आधीपासूनच होती. मार्च २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळे जी साखळी मायदेशी गोमांसाच्या बर्गरसाठी ओळखली जाते, तिचा मूळ पदार्थ इथल्या पॉप-अपमध्ये मिळणे शक्य नाही, हे चाखणाऱ्याने आधीच लक्षात घेतलेले बरे.

पॉप-अपचा दुसरा उपयोग, म्हणजे नाव वापरात ठेवणे, ऑस्ट्रेलियातील एका खटल्यात दिसला. कॅलिफोर्नियात १९४८ मध्ये सुरू झालेली एक साखळी फ्रँचायझी देत नाही, मांस गोठवत नाही आणि आपल्या पुरवठा केंद्रांपासून फार लांब दुकान काढत नाही. तरीही २०१२ पासून ती ऑस्ट्रेलियात अधूनमधून काही तासांची विक्री करीत आली. तिच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतलेल्या स्थानिक व्यावसायिकांविरुद्ध ती न्यायालयात गेली आणि त्या देशात कायमचे एकही दुकान नसताना २०२० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. नोंदवलेले नाव न वापरता पडून राहिले, तर ते व्यापारचिन्हांच्या नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी होऊ शकते. भारतातील १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार सलग पाच वर्षांहून अधिक काळ नावाचा प्रामाणिक वापर झाला नसेल, तर तशी मागणी करता येते.

पुण्याचे प्रकरण याच मुद्द्याभोवती फिरते. ‘बर्गर किंग’ हे नाव अमेरिकी कंपनीने भारतात १९७९ मध्येच नोंदवले होते. तिचे पहिले दुकान मात्र २०१४ च्या अखेरीस दिल्लीत उघडले. दरम्यान, पुण्यात १९९२ पासून त्याच नावाचे उपाहारगृह चालू होते आणि पुणेकरांना ते चांगले परिचयाचे होते. २०११ मध्ये, म्हणजे स्वतःचे एकही दुकान इथे नसताना, कंपनीने दावा दाखल केला आणि वीस लाख रुपयांची भरपाई मागितली. जुलै २०२४ मध्ये पुण्यातील न्यायालयाने तो फेटाळला. पुण्यातील वापर कंपनीच्या इथल्या व्यवसायाच्या कितीतरी आधीचा आहे आणि ग्राहकांची फसगत किंवा कंपनीचे नुकसान झाल्याचे सिद्ध झालेले नाही, असे त्या निकालाचे सार होते. कंपनी अपिलात गेली. उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत उपाहारगृहाला हे नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

कंपनीची बाजू दुबळी नाही. आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, पण तो वापर समोरच्याच्या नोंदणीच्याही आधीचा असावा लागतो, आणि १९९२ हे साल १९७९ नंतरचे आहे. तरीही पुण्याच्या निकालाने विचारलेला प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो : ज्या नावाखाली कंपनीने इथे दशकानुदशके एक पावही विकला नाही, त्या नावाची इथली पत नेमकी कोणी कमावली? ऑस्ट्रेलियात हीच कंपनी १९७१ मध्ये गेली, तेव्हा तिथे ते नाव आधीच दुसऱ्याकडे होते, म्हणून तिची दुकाने आजही वेगळ्या नावाने चालतात. म्हणजे तडजोड अशक्य नव्हती.

ठाणे-नवी मुंबईतील पॉप-अपचे वजन इथे कळते. तात्पुरत्या स्टॉललाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. शिवाय जाहिरात, मेनू आणि ग्राहकाच्या हाती पडणारे बिल यांवर साखळीचे नाव छापलेले असते. उद्या घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरुळच्या एखाद्या छोट्या दुकानदाराशी नावावरून वाद झाला, तर हेच कागद वापराचा पुरावा म्हणून न्यायालयात मांडता येतात. चार दिवसांची विक्री हा ‘प्रामाणिक वापर’ ठरतो की नाही, हे मात्र प्रत्येक खटल्यातील परिस्थिती पाहून ठरते.