‘तेव्हाच सांगितले होते’ : भाकीत आणि अपराधभाव

गोदावरीच्या उगमाची कथा नाशिककरांना तोंडपाठ असते. गौतम ऋषींनी धान्य खाणाऱ्या गायीला दर्भाच्या काडीने हुसकावले, ती गतप्राण झाली आणि गोहत्येच्या पातकातून सुटण्यासाठी त्यांनी केलेल्या तपामुळे गंगा ब्रह्मगिरीवर अवतरली. ती गाय मुळात मायावी होती, हा तपशील मात्र कथा सांगताना पुष्कळदा गळतो. माझ्या मते कथेचे मर्म तेथेच आहे, कारण न घडलेल्या अपराधाचे ओझेही तितकेच जड असते.

पंचवटीतील एखाद्या मुलाची पत्रिका पाहून ‘पाण्यापासून भय’ सांगितले गेले आणि बारा वर्षांनी तो रामकुंडावर पाय घसरून जबर जखमी झाला, असे समजा. मधल्या काळात तो शेकडो वेळा नदीवरून सुखरूप परतला होता आणि ते भाकीत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते; तरीही त्या दिवसापासून आईला वाटू लागते, की सारे ठाऊक असूनही आपण त्याला अडवले नाही. येथे स्मरणशक्तीच फसवत असते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधील चीन व सोव्हिएत दौऱ्यांपूर्वी विद्यार्थ्यांकडून संभाव्य घडामोडींचे अंदाज घेतले होते. दौऱ्यांनंतर तेच अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा ज्या गोष्टी घडल्या असे विद्यार्थ्यांना वाटत होते, त्यांची शक्यता आपण आधीच अधिक मानली होती, असे त्यांना प्रामाणिकपणे आठवू लागले. हे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

भाकिताच्या भीतीने आयुष्यच घटते का? चिनी ज्योतिषानुसार जन्मवर्ष आणि आजार यांची जोडी अशुभ ठरलेले चिनी-अमेरिकन लोक १.३ ते ४.९ वर्षे लवकर दगावतात, असा निष्कर्ष संशोधक डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. पुढे २००६ मध्ये गॅरी स्मिथ यांनी वेगळी आकडेवारी तपासली, तेव्हा तो टिकला नाही. पहिली बातमी रंजक असल्याने तीच अजून सांगितली जाते.

स्मृतीच्या या दोषावर एक साधा उपाय १९७७ मध्ये पॉल स्लोव्हिक आणि फिशहॉफ यांच्या प्रयोगांत आढळला. घडले त्याऐवजी दुसरे काही घडले असते, तर त्याची कारणे काय असती, हे माणसाला मांडायला लावले, की ‘हे होणारच होते’ ही खात्री सैल होते, पूर्णपणे जात मात्र नाही. त्या आईला तशी कारणे शोधायला दूर जावे लागणार नाही. त्या दिवशी त्याच पायरीवरून कितीतरी मुले धडधाकट घरी गेली होती.