गुदाशयाचा कॅन्सर: "पिशवी लागेल का?" या प्रश्नामागचा इतिहास

नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या आवारात पेशंटसोबत आलेल्यांशी बोललं, तर गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कॅन्सरबद्दल बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: पोटावर शौचाची पिशवी लागेल का? डॉक्टर "नाही" म्हणाले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण पिशवी टळली म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं, असं नसतं. हे कळायला वैद्यकशास्त्राला फार वर्षं लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स गुदाशयाची गाठ फक्त खालच्या बाजूने काढत. त्यांच्या ५७ पेशंटांपैकी ५४ जणांना कॅन्सर उलटला. म्हणून १९०८ मध्ये त्यांनी पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदद्वारासकट सगळा भाग काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. शौचाची वाट कायमची पोटावर आली. तेव्हा माणूस जगणं हीच मोठी गोष्ट होती. तो कसा जगतो, हे विचारायला सवड नव्हती.

पोटावरच्या त्या वाटेला धड पिशवीसुद्धा नव्हती. १९५४ मध्ये एलिसे सोरेन्सेन या डॅनिश नर्सने चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली, कारण तिची बहीण थोरा ऑपरेशननंतर लोकांत जायलाच घाबरत होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासात पेशंटच्या जगण्याचा विचार सगळ्यात आधी केला तो या नर्सने.

माझ्या मामांना ही पिशवी होती. पिशवीच्या चिकट चकतीत स्टोमाच्या (पोटावरच्या त्या वाटेच्या तोंडाच्या) मापाचं भोक वाकड्या कात्रीने कापायचं, चकती दोन्ही तळहातांत दाबून गरम करायची, कातडी पार कोरडी करायची आणि मग चिकटवायची. डिसेंबरात चार दिवस टिकणारी पिशवी मे महिन्यात घामाने दुसऱ्याच दिवशी कडेने सुटायची. नागपूरच्या ४५ अंशांत लग्नाला जायचं, तर मामी पर्समध्ये दुसरी पिशवी आणि जुनं मऊ सुती कापड ठेवत.

दरम्यान १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या क्लॉड डिक्सन यांनी (नागपूरच्या मेयो हॉस्पिटलशी त्याचा संबंध नाही) गुदद्वार राखून आतडं जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे ४०० पेशंटांचे अनुभव मांडले. १९७० च्या दशकात आतड्याची टोकं पिनांनी जोडणारे गोल स्टेपलर आले आणि आणखी खालची जोडणी जमू लागली. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण न फाटता अखंड काढण्यावर भर दिला. गाठ त्याच जागी उलटण्याचं प्रमाण खूप खाली आलं. लघवी आणि लैंगिक संबंधांच्या नसा त्या आवरणाला लागूनच जातात. त्या जपण्यावर जपानी सर्जननीही मोठं काम केलं.

गुदद्वार वाचलं, पण गुदाशय गेला. मल साठवून धरणारी शरीरातली पिशवी म्हणजे गुदाशयच. तो नसला की अनेकांना दिवसातून आठ-दहादा जावं लागतं, जाऊन आल्यावर अर्ध्या तासात पुन्हा जावं लागतं, वायू की मल तेच कळत नाही. रेडिएशन घेतलेलं असेल तर त्रास वाढतो. याला लार्स (लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात. तो मोजण्यासाठी २०१२ मध्ये एमर्टसेन आणि लॉरबर्ग या डॅनिश डॉक्टरांनी पाच साध्या प्रश्नांचा तक्ता दिला. गुण ० ते ४२, आणि ३० किंवा त्याहून जास्त झाले की त्रास गंभीर. माइल्सनंतर हा तक्ता यायला एक शतक उलटून गेलं! त्याआधीच, २००५ मध्ये, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसलं होतं की कायमची पिशवी असलेल्यांचं जगणं पिशवी नसलेल्यांपेक्षा वाईटच असतं, असा निष्कर्ष उपलब्ध अभ्यासांवरून काढता येत नाही.

म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना पिशवीबद्दल जसं विचारतो, तसंच "मला किती वेळा जावं लागेल, एसटीचा तीन तासांचा प्रवास जमेल का" हेही विचारायला हवं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, जुलाब आवरणाऱ्या गोळ्या, आहारातले बदल आणि पाण्याने आतडं धुण्याची पद्धत यांनी अनेकांना आराम पडतो. पण त्रास सांगितलाच नाही तर उपाय कोण सुचवणार?

आता ऑपरेशनच टाळण्याची वाटही काहींना खुली आहे. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये दाखवलं, की केमो-रेडिएशनने गाठ पूर्ण विरघळली, तर निवडक पेशंटांवर ऑपरेशन न करता नुसती बारीक नजर ठेवता येते. मात्र सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय चुकवून चालत नाही. गडचिरोलीच्या टोकावरून नागपूरला येणाऱ्या पेशंटच्या गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब उपचार ठरवतानाच मांडावा लागतो.