जोन्स रोगाच्या चाचण्या: तुलनेमागचा इतिहास

गाय नेहमीसारखी खात असते, ताप नसतो, तरी पातळ हगवण थांबत नाही आणि जनावर खंगत जाते. जोन्स रोगाचे हे चित्र बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसते. संसर्ग मात्र वासरूपणीच झालेला असतो. हे मधले अंतर लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या प्रयोगशाळा चाचण्यांची तुलना समजत नाही.

1895 मध्ये ड्रेस्डेन येथे योने (यांच्याच नावावरून ‘जोन्स’ रोग) आणि फ्रॉथिंगहॅम यांना एका गायीच्या जाड झालेल्या आतड्यात आम्लस्थिर, म्हणजे रंगवल्यावर आम्लाने धुतले तरी रंग न सोडणारे, जिवाणू आढळले. तो क्षयाचाच एक प्रकार असावा, असे त्यांना वाटले. हा वेगळा रोग असल्याचे डेन्मार्कच्या बांग यांनी 1906 मध्ये दाखवले. शेण किंवा आतड्याचा खरवड काचपट्टीवर घेऊन झील-नील्सन पद्धतीने रंगवायचा आणि लाल जिवाणूंचे पुंजके शोधायचे, ही चाचणी तेव्हापासूनची आहे. ती स्वस्त व झटपट असली, तरी शेणात इतरही आम्लस्थिर जिवाणू असतात आणि संसर्ग थोडा असेल तर काहीच दिसत नाही.

जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणे त्याहून अवघड ठरले, कारण लोह मिळवण्यासाठी लागणारे मायकोबॅक्टिन त्याला स्वतः पुरेसे बनवता येत नाही. 1912 च्या सुमारास ट्वॉर्ट आणि इन्ग्रॅम यांनी टिमोथी गवतावरच्या मृत जिवाणूंचा अर्क माध्यमात घातला, तेव्हा कुठे तो वाढला. तरीही घन माध्यमावर वसाहती (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) दिसायला दोन-चार महिने लागतात. शेणातले जिवाणू असे वाढवून पाहणे, म्हणजे संवर्धन, पुढे इतर चाचण्यांची कसोटी मानले गेले, पण माझ्या मते ही कसोटी स्वतःच अपुरी आहे: बाधित जनावर शेणातून जिवाणू अधूनमधूनच टाकते, आणि शेणातले इतर जंतू मारण्यासाठी वापरलेल्या रसायनांनी हे जिवाणूही कमी होतात.

एलायझा या चाचणीने रक्तातील प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) तपासून उत्तर काही तासांवर आणले. खोटे होकारार्थी निकाल टाळण्यासाठी रक्तजल (सीरम) आधी त्याच टिमोथी गवताच्या जिवाणूंत मिसळून इतर प्रतिपिंडे काढून टाकतात. म्हणजे ट्वॉर्टच्या मदतीला आलेला जिवाणू इथे गाळणी म्हणून परतला. मात्र प्रतिपिंडे रोग पुढे गेल्यावरच वाढत असल्याने तरुण बाधित जनावरे या चाचणीतून सुटतात.

1989 मध्ये या जिवाणूतील आयएस900 या जनुकीय तुकड्याचे वर्णन झाले आणि पीसीआरचा, म्हणजे जिवाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्याचा, मार्ग खुला झाला. पीसीआरला मृत जिवाणूही सापडतो, शिवाय दूषित गोठ्यात चाऱ्याबरोबर गिळलेला जिवाणू शेणात नुसता वाहून आलेला असू शकतो. त्यामुळे पीसीआर होकारार्थी आणि संवर्धन नकारार्थी आले, तर चूक कोणाची, हे एका नमुन्यावरून ठरत नाही.