‘एकही पीक सापडत नाही’ म्हणून फोन करण्यापूर्वी

एफटीआयआरच्या (नमुना कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखातली शिखरं, म्हणजे ‘पीक’, आणि दऱ्या शोधणारी आमची स्क्रिप्ट भोसरीपासून कुरकुंभपर्यंतच्या लॅबमध्ये वापरली जाते, आणि तक्रार बहुतेकदा एकच असते: "काल चालत होती, आज एकही पीक दाखवत नाही."

स्क्रिप्ट बिघडलेली नसते. तिच्या पोटात सायपाय या पायथन लायब्ररीचं ‘फाइंड पीक्स’ हे फंक्शन आहे आणि त्याला फक्त वर गेलेलं टोक कळतं. अ‍ॅबसॉर्बन्समध्ये (प्रकाश किती शोषला) वर येणारा पट्टा टक्के ट्रान्समिटन्समध्ये (किती आरपार गेला) खाली जातो. म्हणून अशा फाइलमधल्या आकड्यांचं चिन्ह उलटवायचं, की दरीचं शिखर होतं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

घोळ पुढे आहे. चिन्ह उलटवलं, पण ‘हाइट’मध्ये (टोकाची किमान उंची) जुना १० तसाच राहिला. ८५ वरून २० पर्यंत उतरलेली दरी आता उणे ८५ वरून उणे २० वर चढते. दहाच्या वर काहीच नाही, मग यादी रिकामीच येणार!

म्हणून आम्ही ‘हाइट’ मुद्दाम रिकामी ठेवतो आणि ‘प्रॉमिनन्स’ भरतो, म्हणजे टोक आजूबाजूच्या पायथ्यापासून किती उठलंय ते. पर्वती समुद्रसपाटीपासून मोजली तर अख्खं पुणंच डोंगर ठरेल. ५६० मीटर तर शहरच आहे. चिन्ह उलटवून आकडे उणे झाले तरी, बेसलाइन (आलेखाची तळरेषा) वरखाली सरकली तरी, प्रॉमिनन्स तोच राहतो. तो नॉइजच्या (आलेखातल्या बारीक थरथरीच्या) काही पट ठेवा.

‘डिस्टन्स’ (दोन टोकांमधलं किमान अंतर) आलेखाच्या बिंदूंमध्ये मोजतात, वेव्हनंबरमध्ये (आडव्या अक्षावरच्या आकड्यांत) नाही. यंत्र तपासायला वापरतात त्या पॉलिस्टायरीन फिल्मचे १६०१ आणि १५८३ हे शेजारी पीक घ्या. दोन-दोन वेव्हनंबरवर बिंदू असतील तर त्यांच्यात नऊच बिंदूंचं अंतर. तिथे २० टाकलात तर लहान शेजारी गायब. अति स्मूदिंगनेही (आलेख फार गुळगुळीत केल्यानेही) तो मोठ्यात विरघळतो. उत्तरात येतो तोही बिंदूचा क्रमांक. वेव्हनंबर त्यावरून काढायचा.

"हे आकडे आपोआप ठरवणारं ऑटो बटण का देत नाही?" असं विचारतात. देता येईल. पण मग ऑडिटरने ‘हे पीक का धरलं नाही’ विचारल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

तरी अडलं तर मूळ सीएसव्ही पाठवा. स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नको, त्यातून आकडे काढता येत नाहीत. वार्षिक देखभाल करारात तुमच्या नमुन्यांनुसार सेटिंग आम्हीच बसवून देतो. येताना तुमच्याच पॉलिस्टायरीन फिल्मवर तपासूनही दाखवतो. फिल्म तेवढी सापडेल अशी ठेवा.